साडेबारा आण्यांचं वर्तुळ : परीघ, क्षेत्रफळ आणि बीडची विहीर



आजचा विषय आठवी-नववीच्या पुस्तकातला आहे. वर्तुळाचा परीघ आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ. मागच्या रांगांमध्ये शाळेतली मुलं दिसताहेत आणि पुढे त्यांचे आजोबा बसलेत. हे बरं झालं. मुलांना सूत्र येतं, आजोबांना आणे येतात, आणि आज आम्हाला दोन्ही लागणार आहेत.

सुरुवात एका कागदापासून करू. गेवराईकडचे एक शेतकरी आमच्याकडे हिशोबाचा कागद घेऊन आले होते. विहीर खणून झाली होती. व्यास २० फूट, खोली ४० फूट. खोदकाम ब्रासवर ठरलेलं. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे इथे कुणाला सांगायला नको. कागदावर लिहिलं होतं : २० गुणिले २० गुणिले ४०, म्हणजे १६,००० घनफूट, म्हणजे १६० ब्रास. शेतकरी म्हणाले, "सर, विहीर गोल हाय, मग हिशोब चौकोनी कसा काय?"

बघा, प्रश्न किती नेमका आहे. त्यांनी घरी मुलीला विचारलं होतं. मुलगी आठवीत, हुशार. तिला 'पाय आर वर्ग' पाठ होतं. तिने वहीत मांडलं, ३.१४ गुणिले २० चा वर्ग, म्हणजे १,२५६, गुणिले ४०. उत्तर आलं ५०,२४० घनफूट, म्हणजे ५०२ ब्रास! वडील म्हणाले, "हिचं ऐकलं तर शेतच इकावं लागंल." आणि वही बंद झाली.

मुलीचं काय चुकलं? सूत्र बरोबर होतं. तिने त्रिज्येच्या जागी व्यास घातला. त्रिज्या २० नव्हे, १०. तेव्हा १० चा वर्ग १००, गुणिले ३.१४१६, म्हणजे ३१४.१६ चौरस फूट. गुणिले ४० केलं की १२,५६६ घनफूट. म्हणजे १२५.६६ ब्रास. कागदावर १६० होते. चौतीस ब्रासचा फरक! दर ब्रासला हजार रुपये धरला तरी चौतीस हजार रुपये झाले, आणि कठीण खडक लागला तर दर काय असतो ते तुम्ही आम्हाला सांगाल.

ज्यांनी विहीर खणली त्यांच्याशी आम्ही बोललो. तो माणूस लबाड नव्हता. "आम्ही पहिल्यापासून असंच मोजतो," म्हणाला. आधी कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. सूत्र पाठ असलेली मुलगी आणि शंका बरोबर असलेले वडील एकाच घरात होते, पण दोघांची गाठ पडली नाही. आजचं व्याख्यान ती गाठ घालायला आहे.

आधी परीघ. शेतातून सुरू करू.

खळं आठवा. आता मळणीयंत्रं आली, पण पुढच्या रांगेतल्यांनी पात धरलेली आहे. मधे तिवडा रोवलेला, त्याला दावं, दाव्याला ओळीने बैल. सगळे बैल एकत्रच फिरतात, एक फेरा सगळ्यांचा एकदमच पुरा होतो. पण सगळे सारखं चालतात का? नाही. तिवड्याजवळचा बैल छोट्या वर्तुळावर फिरतो, कडेचा मोठ्या. म्हणून तर म्हातारा, संथ बैल तिवड्यालगत बांधायचे आणि तरणा कडेला. हिशोब करू. आतला बैल तिवड्यापासून ४ फुटांवर, कडेचा १० फुटांवर. आतल्याचा एक फेरा २५ फूट, कडेच्याचा ६३ फूट. एका फेऱ्यात कडेचा बैल ३७-३८ फूट जास्त चालला. शंभर फेऱ्यांत ३,७७० फूट, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त. हे ज्यांनी ठरवलं त्यांना पाय माहीत नव्हता, पण परीघ त्रिज्येबरोबर वाढतो हे पक्कं माहीत होतं.

किती वाढतो? त्रिज्या एक फूट वाढली की परीघ सहा फूट आणि वर सव्वातीन-साडेतीन इंच वाढतो. आणि इथे एक गंमत आहे. वर्तुळ केवढंही असो, ही वाढ तेवढीच. भाकरीच्या तव्याची त्रिज्या एक फूट वाढवा किंवा बिंदुसरेच्या धरणाएवढ्या वर्तुळाची वाढवा, परिघात भर पडणार सव्वासहा फुटांचीच. मनाला पटत नाही, पण तसंच आहे.

आता हे 'तीन आणि काहीतरी' येतं कुठून? जुने लोक सरळ 'तिप्पट' म्हणत. व्यास २० तर घेर ६०. हे किती बरोबर? जमिनीवर खुंटी रोवून दोरीने वर्तुळ काढा. आता दोरी तेवढीच ठेवून, म्हणजे त्रिज्येएवढं माप घेऊन, वर्तुळाच्या कडेवर एकेक खूण करत जा. बरोबर सहा खुणांत तुम्ही परत पहिल्या जागी याल. खुणा सरळ रेषांनी जोडल्या की सहा बाजूंची आकृती झाली. प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, म्हणजे एकूण सहा त्रिज्या, म्हणजे तीन व्यास. पण वर्तुळाची कड त्या सरळ रेषांच्या बाहेरून, वळसा घेऊन जाते. म्हणून परीघ तिपटीहून जास्तच असणार. तिप्पट हा सहा कोनांच्या विहिरीचा घेर आहे, गोल विहिरीचा नव्हे. आणि वर्तुळाभोवती बाहेरून चौकोन काढला तर त्याचा घेर चार व्यास. म्हणजे खरा आकडा तीन आणि चारच्या मधे, आणि तीनच्या बाजूला.

आणखी जवळ जायचं तर बाजू वाढवा. सहाच्या बारा, बाराच्या चोवीस, अठ्ठेचाळीस. आर्किमिडीज शहाण्णव बाजूंपर्यंत गेला आणि म्हणाला की हा आकडा ३ पूर्णांक १० छेद ७१ पेक्षा मोठा आणि ३ पूर्णांक १ छेद ७ पेक्षा लहान आहे. तो दुसरा आकडा म्हणजेच आपला २२ छेद ७. मुलांनो, ऐका. बावीस सप्तमांश म्हणजे पाय नव्हे. तो पायपेक्षा किंचित मोठा आहे. परीक्षेत 'पायची किंमत २२/७ घ्या' असं लिहिलेलं असतं, त्यात 'घ्या' हा शब्द महत्त्वाचा.

आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये सांगितलं की व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२, आणि वर सांगितलं की हा 'आसन्न' आहे, म्हणजे जवळचा आहे. भागून बघा, ३.१४१६. इतका चांगला आकडा देऊनही 'जवळचा' म्हणणं, हे आम्हाला त्या आकड्याइतकंच मोठं वाटतं. पाय कुठल्याही अपूर्णांकात नेमका बसत नाही हे लँबर्ट या गणितज्ञाने सिद्ध केलं ते अठराव्या शतकात.

आता बीडकरांच्या आवडीच्या मुद्द्याकडे येऊ. भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असं ते स्वतः सांगतात. त्यातला 'विड' ऐकून काही अभ्यासकांनी बीडचं नाव घेतलेलं आहे, आणि आपल्याकडे तर ते छातीठोकपणे सांगितलं जातं. आमचं मत विचाराल तर पुरावा चाळीसगावकडे झुकतो. तिथे पाटण गावी शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला, त्याचा तो लेख. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. बीडकरांनी रागावू नये. गाव कुठलंही असो, 'लीलावती' आपल्या भागातली आहे.

'लीलावती' इ.स. ११५० ची. तीत परिघाचे दोन आकडे दिलेत आणि दोन्ही का दिलेत ते समजून घेण्यासारखं आहे. व्यासाला ३,९२७ ने गुणून १,२५० ने भागा, हा सूक्ष्म परीघ. २२ ने गुणून ७ ने भागा, हा स्थूल, व्यवहाराला पुरेसा. पहिला आकडा आर्यभटाचाच आहे. ६२,८३२ आणि २०,००० दोन्हींना १६ ने भागा, ३,९२७ आणि १,२५० येतात. मग भास्कराचार्यांचं उदाहरण : व्यास ७. स्थूल परीघ २२. सूक्ष्म परीघ २१ पूर्णांक १,२३९ छेद १,२५०. फरक किती? ११ छेद १,२५०. शंभराव्या भागाच्या आत.

आपल्या विहिरीला काय लावायचं? व्यास २० फूट. स्थूलाने परीघ ६२.८६, सूक्ष्माने ६२.८३. फरक पाव इंचाच्या थोडा पुढे. विहिरीची कड तेवढी गुळगुळीत कुणाची असते? तेव्हा विहिरीला बावीस सप्तमांश भरपूर झाला. पण 'तिप्पट' धरलं तर ६०, म्हणजे जवळजवळ तीन फूट कमी. कठड्याच्या हिशोबात तीन फूट म्हणजे काय ते गवंड्याला विचारा.

हा सूक्ष्म आकडा येतो कसा, हे चारशे वर्षांनी एका मराठी माणसाने लिहून ठेवलं. गणेश दैवज्ञ, कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावचे. 'ग्रहलाघव' लिहिणारे तेच. त्यांनी इ.स. १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका लिहिली. त्यात ते सांगतात : १०० व्यासाच्या वर्तुळात आधी सहा बाजूंची आकृती घ्या, मग बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव, एकशे ब्याण्णव, तीनशे चौऱ्याऐंशी. या शेवटच्या आकृतीचा घेर येतो ९८,६९४ चं वर्गमूळ. ते मूळ जवळजवळ ३१४.१६. झाला आपला आकडा. कागद, कॅल्क्युलेटर काही नाही, धुळीच्या पाटीवर वर्गमुळं काढत तीनशे चौऱ्याऐंशी बाजू. आम्ही एकदा ते हाताने करून बघायला बसलो आणि शहाण्णवला उठलो.

बरं, आता क्षेत्रफळ. इथे मुलांचा घोटाळा होतो, कारण सूत्र आधी मिळतं आणि चित्र कधीच मिळत नाही.

भास्कराचार्यांचा नियम पुस्तकातल्यापेक्षा सोपा आहे. परीघ गुणिले व्यास, भागिले चार. बस्स. का? याचंही उत्तर गणेश दैवज्ञांनी दिलंय, आणि ते घरी करता येतं. पुठ्ठ्याची गोल चकती घ्या. भाकरीवर करू नका, ज्वारीची भाकरी मोडते आणि आई रागावते. चकतीचे दोन अर्धे करा. प्रत्येक अर्ध्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सुईसारख्या निमुळत्या चिरा पाडा, पण कड सुटू देऊ नका. आता अर्धी चकती ताणून सरळ केली की करवतीच्या दात्यांसारखी पट्टी होते. दुसरीही तशीच. दोन्हींचे दाते एकमेकांत बसवा. समोर आयत आला की नाही? त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी अर्धा व्यास. दोन्ही गुणा : परीघ गुणिले व्यास भागिले चार. सुया जितक्या बारीक तितका आयत नीट.

ज्यांना पुठ्ठा कापायचा कंटाळा आहे त्यांनी दोरखंडाची चपटी गोल गुंडाळी डोळ्यांपुढे आणावी. मध्यापासून कडेपर्यंत एक काप दिला आणि सगळे वेढे सरळ पसरले, तर सगळ्यात खाली सगळ्यात लांब वेढा, त्यावर थोडा आखूड, असं करत टोकाला शून्य. त्रिकोण झाला. पाया परीघ, उंची त्रिज्या. पायाच्या निम्म्याला उंचीने गुणा. उत्तर तेच.

आणि परीघ म्हणजे पाय गुणिले दोन त्रिज्या, तो या आयतात घातला की 'पाय आर वर्ग' आपोआप पडतो. पाठ करायची गरजच राहत नाही. त्रिज्या हा शब्दही बघा. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. बारा राशींच्या वर्तुळात तीन राशी म्हणजे काटकोन, आणि तीन राशींची ज्या ती त्रिज्या. शब्द खगोलातून आला आणि आपण तो विहिरीत उतरवला.

आता शीर्षकातल्या आण्यांकडे. आजोबांनी इथे लक्ष द्यावं.

विहिरीभोवती बाहेरून चौकोन आखा, बाजू व्यासाएवढी. त्या चौकोनाचा किती भाग वर्तुळाने व्यापला? विहीर लहान असो वा मोठी, प्रमाण एकच : ०.७८५४. बावीस सप्तमांशाने करायचं तर चौदातले अकरा वाटे. पण रुपयाचे सोळा आणे धरा आणि ०.७८५४ ला १६ ने गुणा. उत्तर १२.५७. म्हणजे चौकोन रुपयाचा असेल तर त्यातलं वर्तुळ साडेबारा आण्यांचं! बाकी साडेतीन आणे चार कोपऱ्यांत गेले. गेवराईच्या त्या कागदावरचे १६० ब्रास म्हणजे रुपया होता. खरे साडेबारा आणे. ते सांगितल्यावर शेतकरी एका क्षणात समजले आणि मुलीलाही आपली चूक दिसली. वर्तुळ चौकोनाच्या आत आहे, मग त्याचं उत्तर चौकोनापेक्षा मोठं, पाचशे ब्रास, कसं येईल? सूत्र विसरलात तरी चालेल, हा ताळा विसरू नका.

हेच साडेबारा दुसऱ्या दारानेही आत येतात. समजा विहीर भरलेली आहे, मधून टेप धरता येत नाही. मग कडेने दोरी फिरवून घेर मोजा. घेराचा वर्ग करा आणि साडेबाराने भागा, क्षेत्रफळ आलं. आपल्या विहिरीचा घेर ६२.८३, वर्ग ३,९४८, भागिले साडेबारा, उत्तर ३१६. खरं ३१४. शंभरात अर्धा फरक, चालतो. खरा भाजक १२.५६६ आहे, म्हणजे पायची चौपट, आणि मघाचे आणे तेही पायची चौपटच. म्हणून दोन्हीकडे एकच आकडा.

लाकडाच्या व्यवहारातही हा साडेबारा लपलेला आहे. बांधावरचं लिंबाचं झाड विकताना काही ठिकाणी 'घेराचा चौथा हिस्सा' घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. घेर ४ फूट, चौथा हिस्सा १, वर्ग १, लांबी १० फूट. दहा घनफूट झाले. खरं लाकूड १२.७३ घनफूट. म्हणजे घेराचा वर्ग साडेबाराने भागायच्या ऐवजी सोळाने भागला. रुपयाच्या लाकडाचे साडेबारा आणेच मोजले. कापताना साल आणि फाकळ्या वाया जातात म्हणून ही पद्धत पडली, ते कारण खोटं नाही. पण विकणाऱ्याला हे माहीत असावं आणि दर ठरवताना बोलता यावं.

आता पाणी. आपल्या जिल्ह्यात क्षेत्रफळाचा खरा उपयोग हाच आहे.

विहिरीत दगड बांधून दोरी सोडली, पाणी पाच फूट आहे असं कळलं. पाच फूट म्हणजे किती? एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं. २० फुटी विहिरीत एक फूट पाणी म्हणजे ३१४.१६ घनफूट, म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. पाच फूट म्हणजे साडेचव्वेचाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर साडेचार टँकरला थोडं कमी. उन्हाळ्यात गावाने विहीर अधिग्रहित केली की 'तुमच्या विहिरीत पाणी किती' या प्रश्नाला 'हाय की पाच फूट' हे उत्तर अर्धंच आहे. शेजारच्याची विहीर ३० फुटी असेल तर त्याच्या एका फुटात २०,००० लिटर असतात. दोघांचंही 'पाच फूट', पण पाणी सव्वादोनपट.

सव्वादोनपट का? व्यास दीडपट झाला, तर क्षेत्रफळ दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन. व्यास दुप्पट तर क्षेत्रफळ चौपट. पाइपलाही तेच. दोन इंची दोन पाइप म्हणजे एक चार इंची, असं समजून पाइपलाइन टाकलेले लोक आम्ही पाहिलेत. तोंडाच्या क्षेत्रफळाचाच हिशोब केला तर चार इंचीला दोन इंचीचे चार पाइप लागतात, आणि बारीक पाइपात घर्षण जास्त म्हणून चारही कमी पडतात. भाकरीचं विचाराल तर सात इंची दोन आणि दहा इंची एक, जवळपास सारख्या. एकोणपन्नास दुणे अठ्ठ्याण्णव, आणि दहाचा वर्ग शंभर.

पण विहीर रुंद करायचा विचार असेल तर दुसरी बाजूही बघा. खोदकाम क्षेत्रफळाने वाढतं, कठड्याचं बांधकाम परिघाने. २० ची ३० केली तर खोदकाम सव्वादोनपट, कठडा मात्र दीडपटच. आणि एक गोष्ट नेहमी निसटते. आतून २० फूट हवी आणि दीड फूट जाडीचं दगडी बांधकाम करायचं, तर खणायचं २३ फुटांनी. 'तीनच फूट जास्त' असं वाटतं. २३ चा वर्ग ५२९, २० चा ४००. खोदकाम जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं.

आणि त्या बांधकामाचा हिशोब कुठल्या घेराने करायचा? यावर भांडणं होतात. गवंडी बाहेरून मोजतो, मालक आतून. दीड फूट जाडी, वीस फूट उंचीपर्यंत बांधकाम धरा. बाहेरच्या घेराने २१.६८ ब्रास येतात, आतल्या घेराने १८.८५. खरे किती? बाहेरच्या वर्तुळातून आतलं वर्तुळ वजा करा, २०.२६. दोघांच्या बरोबर मधे. म्हणजे घेर भिंतीच्या मध्यावरून धरायचा, व्यास साडेएकवीस फूट. गोल भिंतीला हा मधला घेर कधीच चुकत नाही, जाडी कितीही असो. भांडणात दोघेही सारखेच चुकलेले असतात असं क्वचित दिसतं, इथे ते गणितानेच दिसतं.

बीडच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे, ती तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली. बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर सांगतात. आमच्या व्याख्यानात हा दुसरा भास्कर आला, त्याला आमचा इलाज नाही. सगळा खजिना हिच्यावर खर्च झाला म्हणून खजाना विहीर, असंही सांगतात. विहीर गोल आहे, आणि भुयारी मार्गांनी तिच्यात पाणी येतं आणि शेतीकडे जातं.

ती गोल का? विहिरी चौकोनीही असतात, मराठवाड्यात बारवा तर बहुतेक चौकोनीच, कारण पायऱ्या सोप्या पडतात. पण तेवढ्याच घेराच्या भिंतीत सगळ्यात जास्त जागा वर्तुळात मावते. ६२.८३ फूट घेराची भिंत चौकोनात बांधली तर बाजू १५.७ फूट आणि क्षेत्रफळ २४७ चौरस फूट. तीच भिंत गोल बांधली तर ३१४. दुसरं असं की मातीचा दाब चहूबाजूंनी आत ढकलतो तेव्हा गोल भिंतीतले दगड एकमेकांना घट्ट दाबून धरतात, चौकोनी भिंत मधेच पोटात येते. मुलांना आमचं काम आहे : सुट्टीत मोठ्या माणसांबरोबर तिथे जा, बाहेरून सुरक्षित अंतरावरून घेर मोजा, आणि एका फूट पाण्यात किती लिटर ते काढून आणा. विहिरीच्या कडेवर चढायचं नाही, हे हिशोबाच्या आधी.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न : बोअरला हे लागू होतं का? होतं, आणि उत्तर ऐकून वाईट वाटेल. साडेसहा इंची बोअरमध्ये एक फूट पाणी म्हणजे साडेसहा लिटर. शंभर फूट पाणी उभं असलं तरी साडेसहाशे लिटर, म्हणजे तीन-साडेतीन पिंपं. विहिरीच्या एका फुटाइतकं पाणी साठवायला बोअरमध्ये सुमारे १,३६० फूट लागतील. बोअर साठवत नाही, फक्त झऱ्याला वाट देते. म्हणून 'तीनशे फुटांवर पाणी लागलं, दीडशे फूट उभं आहे' याला साठा समजून ऊस लावू नये. पंप चालू ठेवून तासाला किती येतं ते मोजावं.

दुसरा प्रश्न : आमची विहीर नीट गोल नाही, एका बाजूला ढासळली आहे, तिचा व्यास कुठला धरायचा? दोन माणसांनी समोरासमोरच्या कडांना टेप ताणून धरावा, दोघांनीही जागा बदलत मापं घ्यावीत, सगळ्यात मोठं माप येईल तो मोठा व्यास. मग त्याला काटकोनात दुसरं माप घ्या. समजा २१ आणि १९ आले. दोन्ही गुणा, ३९९, आणि त्याचे साडेबारा आणे काढा. अचूक गोल २० फुटी विहिरीचे ४०० आले असते, एवढाच फरक. पण दोन मापांत फार तफावत असेल, म्हणजे एक २६ आणि दुसरं १६ असं काही, तर ती विहीर ढासळते आहे. मग आधी टेप गुंडाळा, कडेपासून मागे या, आणि गवंड्याला बोलवा.